सूर्यावर विजय (चित्रसंपुट)

'सूर्यावर विजय' हे रशियन चित्रकार, वास्तुविशारद व मुद्राक्षररचनाकार एल लिसिट्स्की (१८९०–१९४१) यांचे दहा रंगीत शिळाछापांचे चित्रसंपुट आहे. ते १९२३ साली जर्मनीतील हानोफर येथे 'लॉइनिस अँड चॅपमन' या मुद्रणसंस्थेने ७५ प्रतींच्या मर्यादित आवृत्तीत प्रसिद्ध केले. मूळ जर्मन शीर्षकाचा आशय "आकृतिका : 'सूर्यावर विजय' या विद्युत्-यांत्रिक दृश्याची त्रिमितीय रचना" असा आहे. संपुटात शीर्षकपत्र, लिसिट्स्की यांचे निवेदन आणि दहा चित्रपत्रे आहेत. प्रत्येक चित्रपत्र सुमारे ५३ × ४५ सेंटिमीटर आकाराचे आहे.

हे संपुट १९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे झालेल्या 'सूर्यावर विजय' या भविष्यवादी संगीतिकेवर आधारलेले आहे. लिसिट्स्की यांनी मात्र तिच्यासाठी नेहमीच्या अर्थाने नेपथ्य वा वेशभूषा योजली नाही. नटांऐवजी विजेवर चालणाऱ्या आकृत्या आणि रंगमंचाऐवजी उघड्या चौकातील एक यंत्र अशी त्यांची योजना होती. ते यंत्र लिसिट्स्की यांच्या हयातीत उभे राहिले नाही. त्यामुळे या योजनेचे जगापुढे आलेले रूप म्हणजे हे मुद्रित संपुटच होय. अवाँ-गार्द रंगभूमीचे नेपथ्य संग्राह्य मुद्राचित्रांच्या रूपाने कसे टिकून राहिले, याचे हे एक प्रमुख उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी : १९१३ची संगीतिका

'सूर्यावर विजय' या संगीतिकेची संहिता कवी अलेक्सेय क्रुचोनिख यांनी लिहिली; नांदीवजा प्रास्ताविक वेलिमिर ख्लेब्निकोव यांचे, संगीत मिखाईल मात्यूशिन यांचे आणि नेपथ्य व वेशभूषा काझिमिर मालेविच यांची होती. 'युवक संघ' या कलावंतमंडळाच्या आश्रयाने डिसेंबर १९१३मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लूना पार्क नाट्यगृहात तिचे दोनच प्रयोग झाले. वाद्यवृंदाचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून एका जुन्या, बेसूर पियानोवर भागवावे लागले. गाणारे बहुतेक हौशी विद्यार्थी होते आणि तालमीही अगदी थोड्या झाल्या होत्या.

संगीतिका दोन अंकांची व सहा प्रवेशांची आहे. पहिल्या अंकात 'भविष्यातील बलवान' सूर्याला पकडून कैद करतात. दुसरा अंक सूर्य नाहीसा झाल्यानंतरच्या 'दहाव्या देशां'त घडतो. येथे सूर्य हा जुन्या जगाच्या तर्कबुद्धीचे, सौंदर्यकल्पनांचे आणि निसर्गावरील माणसाच्या अवलंबित्वाचे प्रतीक आहे. क्रुचोनिख यांनी संहितेचा काही भाग 'झाऊम' या रूढ अर्थाच्या पलीकडे जाऊ पाहणाऱ्या भाषेत रचला. तिच्यात शब्दाचा नाद व आकार यांना कोशातील अर्थाहून अधिक महत्त्व असते.

मालेविच यांनी पात्रांना पुठ्ठा व तार यांचे भौमितिक पोशाख दिले आणि प्रकाशझोतांनी त्यांचे केवळ हात, केवळ पाय किंवा केवळ डोके उजळून माणसाचे शरीर तुकड्यातुकड्यांत दाखवले. एका प्रवेशाच्या पडद्यावर त्यांनी कर्णरेषेने काळ्या व पांढऱ्या भागांत विभागलेला चौरस योजला होता. पुढे डिसेंबर १९१५मध्ये पेत्रोग्राद येथील '०.१०' या प्रदर्शनात त्यांचे 'काळा चौरस' हे चित्र प्रथम मांडले गेले, तेव्हा त्याचे मूळ या संगीतिकेच्या कामात असल्याचे ते सांगत. विसाव्या शतकातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या चित्रांपैकी एकाचा उगम अशा रीतीने दोन रात्री टिकलेल्या नेपथ्याशी जोडलेला आहे.

प्रयोग संपला आणि पडदे, पोशाख नाहीसे झाले. मात्यूशिन यांच्या संगीताचेही काही अंशच शिल्लक राहिले. मालेविच यांची वेशभूषेची रेखाटने मात्र वाचली. 'युवक संघा'चे अध्यक्ष व आश्रयदाते लेव्की झेवेर्झेयेव यांनी ती संग्रही ठेवल्यामुळे पुढे ती पेत्रोग्रादच्या (आताच्या सेंट पीटर्सबर्गच्या) नाट्य व संगीत संग्रहालयाकडे गेली. रंगभूमीची कला संपल्यावर मागे कागदच उरतो, हे या संगीतिकेच्या बाबतीत पहिल्यापासूनच खरे ठरले.

वितेब्स्कमधील पुनर्प्रयोग

लिसिट्स्की यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८९० रोजी स्मोलेन्स्क प्रांतातील पोचिनोक येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांनी १९०९ ते १९१४ या काळात जर्मनीतील डार्मश्टाट येथे वास्तुकलेचे शिक्षण घेतले. १९१९ साली मार्क शागाल यांनी त्यांना वितेब्स्क येथील लोककला विद्यालयात वास्तुकला व मुद्रणकला शिकवण्यासाठी बोलावले. त्याच वर्षाच्या अखेरीस मालेविच तेथे आले आणि विद्यालयाचे वातावरणच पालटले. १९२०च्या आरंभी मालेविच यांच्या भोवती 'उनोव्हिस' (नव्या कलेचे पुरस्कर्ते) हा गट उभा राहिला. काळा चौरस हे त्याचे चिन्ह होते आणि सदस्य ते बाहीवर लावीत.

फेब्रुवारी १९२०मध्ये या गटाने 'सूर्यावर विजय'चा नवा प्रयोग वितेब्स्कमध्ये सादर केला. त्याची नेपथ्य-वेशभूषा व्हेरा येर्मोलायेवा यांनी केली. येर्मोलायेवा यांनी आपल्या नेपथ्याची छापचित्रेही तयार केली. म्हणजे या संगीतिकेच्या दृश्यरूपाला मुद्रणाची जोड देण्याची कल्पना लिसिट्स्की यांच्या संपुटाआधीच वितेब्स्कमध्ये अवतरली होती.

लिसिट्स्की याच काळात 'प्रोऊन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचना करू लागले होते. नव्याची प्रस्थापना करणारा प्रकल्प, अशा आशयाच्या रशियन शब्दांचे हे लघुरूप आहे. चित्रकलेतून वास्तुकलेकडे जाताना गाडी बदलण्याचे स्थानक, अशा अर्थाने ते प्रोऊनचे वर्णन करीत. मालेविच यांच्या चित्रांतील चौरस, वर्तुळे व पट्ट्या पांढऱ्या अवकाशात सपाटपणे तरंगतात. लिसिट्स्की यांनी त्यांना जाडी, खोली आणि फिरण्याची दिशा दिली. १९२०–२१मध्ये 'सूर्यावर विजय'साठी केलेल्या त्यांच्या आराखड्यांत हाच विचार माणसाच्या आकृतीला लावलेला दिसतो.

हानोफर आणि संपुटाची निर्मिती

१९२१च्या अखेरीस लिसिट्स्की बर्लिनला आले. १९२२ साली तेथे त्यांचे 'दोन चौरसांची सुप्रीमॅटिस्ट गोष्ट' हे चित्रपुस्तक प्रसिद्ध झाले. हानोफर शहरात त्या वेळी कलावंत कुर्ट श्विटर्स राहत होते आणि १९१६ साली स्थापन झालेली 'केस्टनर गेझेलशाफ्ट' ही कलासंस्था नव्या कलेला खुलेपणाने स्थान देत होती. या संस्थेचे संचालक पाउल एरिख क्यूपर्स यांचे १९२२ साली निधन झाले होते. त्यांच्या पत्नी सोफी क्यूपर्स यांनी लिसिट्स्की यांच्या कामात विशेष रस घेतला. पुढे १९२७ साली सोफी व लिसिट्स्की यांचा मॉस्कोत विवाह झाला.

केस्टनर गेझेलशाफ्टने १९२३ साली आपल्या सदस्यांसाठी लिसिट्स्की यांच्याकडून सहा शिळाछापांचे 'प्रोऊन' हे संपुट करवून घेतले. त्याची आवृत्ती ५० प्रतींची होती. ते छापण्याचे काम लॉइनिस अँड चॅपमन यांच्या छापखान्यात झाले. त्या कामाच्या यशातून 'सूर्यावर विजय'च्या आराखड्यांचे संपुट काढण्याची कल्पना पुढे आली व या छापखान्यानेच ते प्रकाशित केले. दोन्ही संपुटे एकाच वर्षातील व एकाच शहरातील असल्यामुळे त्यांची गल्लत होते. परंतु पहिले कलासंस्थेने काढलेले अमूर्त रचनांचे संपुट आहे, तर दुसरे मुद्रकाने काढलेले, रंगभूमीशी संबंधित असलेले संपुट आहे.

१९२३ हे जर्मनीत चलनवाढीचे वर्ष होते. मार्कची किंमत दिवसागणिक घसरत होती आणि नोव्हेंबरात तिने तळ गाठला. याच वर्षाच्या उत्तरार्धात लिसिट्स्की यांना क्षयाने गाठले आणि १९२४च्या आरंभी उपचारांसाठी त्यांना स्वित्झर्लंडला जावे लागले. सूर्याला खाली खेचणाऱ्या आत्मविश्वासपूर्ण नवमानवाचे हे चित्रण अशा दिवसांत छापले गेले, हे त्याचा इतिहास पाहताना ध्यानात घ्यावे लागते.

निवेदनातील दृश्ययंत्राची कल्पना

संपुटातील निवेदनात लिसिट्स्की यांनी आपली योजना थोडक्यात मांडली आहे. आधुनिक शहरांच्या भव्य दृश्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण प्रत्येक जण स्वतःच त्या खेळात गुंतलेला असतो आणि प्रत्येक शक्ती आपापल्या वेगळ्या कामी लागलेली असते, असे निरीक्षण ते नोंदवतात. या विखुरलेल्या शक्तींना एकत्र बांधून त्यांचे 'दृश्य' घडवावे, असा त्यांचा विचार आहे. 'नाटक' न म्हणता 'दृश्य' म्हणण्यामागे हीच भूमिका आहे.

योजनेचे मुख्य घटक पुढीलप्रमाणे आहेत :

सांगाडा – उघड्या चौकात, चारही बाजूंनी दिसेल व पोहोचता येईल असा उभारलेला सांगाडा हेच दृश्ययंत्र. त्याला दर्शनी पडदा नाही व पाठभिंत नाही.

खेळणारे देह – पात्रांच्या जागी यांत्रिक आकृत्या. त्या सरकतील, फिरतील, लांबतील, वर चढतील व खाली उतरतील अशा रीतीने सांगाड्याचे भाग रचलेले असावेत.

दृश्यरचनाकार – सर्व हालचाली विद्युत्-यांत्रिक साधनांनी होतात आणि त्यांचे नियंत्रण एकाच व्यक्तीच्या हाती असते. ही व्यक्ती सांगाड्याच्या मध्यभागी नियंत्रणफलकापाशी बसून गती, ध्वनी व प्रकाश चालवते.

ध्वनी – रेल्वेस्थानकाचा गलबला, नायगारा धबधब्याचा घोष, पोलादाच्या गिरणीतील ठोके असे आवाज ध्वनिवर्धकातून सोडायचे. आकृत्यांचे संवाद दृश्यरचनाकार स्वतः दूरध्वनीयंत्रातून बोलतो आणि यंत्रे त्या आवाजाला पात्रानुरूप रूप देतात.

प्रकाश – लोलक व आरसे यांतून वळवलेले किरण आकृत्यांच्या गतीचा पाठलाग करतात.

चित्रांतील रंगांविषयीची सूचना या निवेदनातील कळीचा भाग आहे. लाल, पिवळा व काळा हे रंग रंगवण्यासाठी दिलेले नाहीत. ते द्रव्याचे निर्देश आहेत, असे लिसिट्स्की स्पष्ट करतात. प्रत्यक्ष आकृती घडवताना तिचा एखादा भाग लाल रंगाने रंगवायचा नसून तो योग्य अशा द्रव्याचा, उदाहरणार्थ चकचकीत तांब्याचा किंवा मंद काळसर लोखंडाचा, घडवायचा आहे. ही सूचना वाचलेली नसेल तर पाहणाऱ्याला या पत्रांत केवळ सुबक अमूर्त चित्रे दिसतात. वाचली असेल तर तीच पत्रे कामाचे आराखडे होतात.

सूर्याविषयीचे त्यांचे प्रतिपादनही संगीतिकेपेक्षा काहीसे वेगळे आहे. क्रुचोनिख यांचे बलवान सूर्याला कैद करतात ते जुनी भाषा व जुना तर्क मोडण्यासाठी. लिसिट्स्की यांच्या दृष्टीने सूर्य ही जुन्या जगाची ऊर्जा आहे. तंत्रावर प्रभुत्व मिळवलेला माणूस तिला आकाशातून खाली ओढतो, कारण त्याने स्वतःची ऊर्जा निर्माण केलेली असते. भाषेचे बंड येथे विजेचे बंड झाले आहे.

पुढील तपशील व प्रत्यक्ष उभारणी हे काम आपण इतरांवर सोपवत असल्याचेही ते नमूद करतात. त्यामुळे हे संपुट स्वरलिपीसारखे ठरते : ती स्वतः गाणे नव्हे, पण तिच्यावरून कोणालाही गाता यावे.

दहा चित्रपत्रे

संपुटातील चित्रपत्रांचा क्रम असा आहे :

१. दृश्ययंत्राचा भाग
२. उद्घोषक
३. पहारेकरी
४. भेदरलेले
५. काळातला विश्वप्रवासी
६. क्रीडापटू
७. कळलाव्या
८. म्हातारा (डोके दोन पावले मागे)
९. थडगी खणणारे
१०. नवा

पहिल्या पत्रात पात्र नाही, सांगाडा आहे. उरलेली नऊ पत्रे पात्रांची आहेत. पात्रे क्रुचोनिख यांच्या संहितेतून निवडलेली असली तरी ती जशीच्या तशी उचललेली नाहीत. संहितेतील सर्व शतकांतून हिंडणारा प्रवासी विमानाशी निगडित आहे. लिसिट्स्की यांच्या विश्वप्रवाशाचा देहच विमानाच्या पंख्याची आठवण करून देतो. 'म्हातारा' या पत्राच्या शीर्षकातील कंस विनोदी आहे व अर्थपूर्णही : ज्याचे शरीर वर्तमानात आले आहे पण डोके दोन पावले मागेच राहिले आहे, असा हा जुन्या वळणाचा माणूस. 'थडगी खणणारे' या पत्रात शवपेटी सुचवणारा काळा आकार आहे. 'भेदरलेले' हे एकाकी पात्र नसून दाटीवाटीने उभा असलेला घोळका आहे.

दहावे पत्र 'नवा' हे सर्वांत प्रसिद्ध आहे. हात-पाय फाकवून झेपावणाऱ्या या आकृतीच्या देहाच्या मध्यभागी लाल चौरस आहे आणि डोळ्यांच्या जागी दोन तारे आहेत, एक लाल व एक काळा. चौरस वितेब्स्कच्या गटाची खूण सांगतो, तर लाल तारा सोव्हिएत राज्याची. क्रुचोनिख यांच्या संहितेत दहाव्या देशांचे रहिवासी 'नवे' असे अनेकवचनी येतात. लिसिट्स्की यांनी त्यांचा एकच 'नवा' केला आणि त्याला संपुटाच्या शेवटी ठेवले. यंत्रापासून सुरू झालेला क्रम अशा रीतीने नव्या माणसापाशी येऊन थांबतो. क्रम हा आशयाचाच भाग आहे, हे यावरून दिसते.

आकृत्यांना 'आकृतिका' म्हटलेले असले तरी त्यांना पाठ, पोट किंवा चेहरा असा नाही. काही भाग समोरून, काही वरून, तर काही कडेने पाहिल्यासारखे काढले आहेत. एकाच कागदावर अनेक दृष्टिकोन एकत्र आणण्याची ही रीत वास्तुशास्त्रीय आराखड्यांतून आलेली आहे. पार्श्वभूमी कोरीच असल्याने आकृतीला जमीन नाही व वजनही नाही.

शिळाछाप व मर्यादित आवृत्ती

शिळाछाप ही मुद्रणपद्धती बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधली. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढतात. शिळा ओली केली की कोऱ्या भागावर पाणी धरते व तेलकट रेषेवर धरत नाही. मग तेलयुक्त छपाईची शाई फिरवली असता ती फक्त रेषेला चिकटते. कोरण्याचे श्रम नसल्याने चित्रकाराच्या हाताची रेषा जशीच्या तशी कागदावर उतरते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचे वेगळे चित्रण करून कागद त्याच जागी पुन्हा पुन्हा छापावा लागतो. एखादा रंग केसभर सरकला तरी लिसिट्स्की यांच्या रचनेसारखी काटेकोर भूमिती बिघडते.

अशा छापाला 'नक्कल' म्हणता येत नाही. मूळ चित्राचे छायाचित्र घेऊन केलेले मुद्रण ही नक्कल होय. येथे छापलेला कागद हेच अंतिम चित्र असते आणि आवृत्तीतील प्रत्येक प्रत सारखीच मूळ असते. आवृत्ती ७५ प्रतींपुरती मर्यादित ठेवल्याने संपुट दुर्मिळ होते. आणि एकच चित्र न राहता ७५ संच झाल्यामुळे, एखादा नष्ट झाला तरी कल्पना टिकून राहते. नाटकासारख्या क्षणभंगुर कलेच्या दृष्टीने ही दुसरी बाजू अधिक महत्त्वाची ठरली.

अन्य नेपथ्य-संपुटांशी तुलना

नेपथ्याची चित्रे संग्राहकांसाठी छापण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत युरोपात रुजली. पॅरिसमध्ये १९१९ साली नताल्या गोंचारोवा व मिखाईल लारिओनोव यांच्या नाट्यसजावटीवरील संपुट निघाले. पाब्लो पिकासो यांनी १९१९ साली लंडनमध्ये सादर झालेल्या 'त्रिकोणी टोपी' या नृत्यनाट्यासाठी केलेल्या आराखड्यांचे ३२ पत्रांचे संपुट १९२०मध्ये प्रसिद्ध झाले. ते 'पोश्वार' पद्धतीचे, म्हणजे कातरलेल्या साच्यांतून कुंचल्याने हाताने रंग भरलेले होते. मॉस्कोच्या कामेर्नी नाट्यगृहात काम केलेल्या अलेक्सांद्रा एक्स्तेर यांचे 'रंगभूमीचे नेपथ्य' हे पंधरा पत्रांचे संपुट १९३० साली पॅरिसमध्ये निघाले; त्याला दिग्दर्शक अलेक्सांद्र तायरोव यांची प्रस्तावना आहे.

पिकासो यांच्यासारख्यांच्या संपुटांचा हेतू बहुधा झालेल्या प्रयोगाचे स्मरण जपणे हा होता. लिसिट्स्की यांचे संपुट त्याहून वेगळे आहे, कारण त्यात न झालेल्या प्रयोगाचा आराखडा आहे. या बाबतीत त्याचे सर्वांत जवळचे नाते इंग्रज नाट्यचिंतक एडवर्ड गॉर्डन क्रेग यांच्या कामाशी आहे. क्रेग यांनी १९०७च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये हलत्या पडद्यांच्या व ठोकळ्यांच्या कल्पित रंगमंचाची आम्लरेखने केली. ती त्यांच्या 'सीन' या ग्रंथात, योगायोगाने १९२३ सालीच, प्रसिद्ध झाली. नटाच्या जागी 'महाकठपुतळी' आणण्याची क्रेग यांची कल्पनाही लिसिट्स्की यांच्या आकृतिकांच्या जवळ जाते.

जर्मनीत ऑस्कर श्लेमर यांचे 'त्रयात्मक नृत्यनाट्य' सप्टेंबर १९२२मध्ये श्टुटगार्ट येथे सादर झाले होते. त्यातील पोशाख भौमितिक असले तरी आत माणूस नाचत होता. लिसिट्स्की यांनी आतला माणूसच काढून टाकला आणि त्याला नियंत्रणफलकापाशी बसवले.

नाझी राजवट व नंतरचा काळ

१९२७–२८मध्ये लिसिट्स्की यांनी हानोफरच्या प्रांतिक संग्रहालयात संचालक अलेक्झांडर डोर्नर यांच्या निमंत्रणावरून 'अमूर्त दालन' उभारले. पाहणारा हलला की भिंतीचा रंग बदलल्यासारखा वाटे, अशी त्याची रचना होती. १९३७ साली नाझी राजवटीने ते मोडून टाकले. 'अधःपतित कला' म्हणून त्याच वर्षी जर्मन संग्रहालयांतील आधुनिक कलाकृती मोठ्या प्रमाणावर जप्त झाल्या व लिसिट्स्की यांच्या कृतीही त्यात सापडल्या. केस्टनर गेझेलशाफ्टला त्याआधीच, १९३६ साली, आपले काम बंद करावे लागले होते.

सोव्हिएत संघातही रंगभूमीने लिसिट्स्की यांना साथ दिली नाही. व्सेवोलोद मायरहोल्ड यांच्यासाठी त्यांनी सेर्गेय त्रेत्याकोव यांच्या 'मला मूल हवे' या नाटकाचे नेपथ्य योजले, त्याची प्रतिकृतीही केली. परंतु नाटकाला परवानगी मिळाली नाही. लिसिट्स्की यांचे ३० डिसेंबर १९४१ रोजी मॉस्कोत क्षयाने निधन झाले. सोफी लिसिट्स्की-क्यूपर्स यांना जर्मन म्हणून १९४४ साली नोवोसिबिर्स्कला हद्दपार करण्यात आले व १९७८ साली मृत्यूपर्यंत त्या तेथेच राहिल्या. तेथून त्यांनी सिद्ध केलेला लिसिट्स्की यांच्यावरील चरित्रग्रंथ १९६७ साली ड्रेस्डेन येथे प्रसिद्ध झाला. लिसिट्स्की यांच्या कार्याकडे जगाचे लक्ष नव्याने वळण्यात या ग्रंथाचा मोठा वाटा आहे.

मूळ संगीतिकेची पुनर्रचना १९८० साली लॉस एंजेलिस येथे रशियन अवाँ-गार्दच्या मोठ्या प्रदर्शनानिमित्त झाली. ती मालेविच यांच्या रेखाटनांवर आधारलेली होती.

संग्रह व जतनाचा प्रश्न

या संपुटातील चित्रपत्रे न्यूयॉर्कचे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, लंडनची टेट गॅलरी इत्यादी संस्थांच्या संग्रहांत आहेत. हानोफरच्या श्प्रेंगेल संग्रहालयात व नेदरलँड्समधील आयंधोव्हन येथील व्हान आबे संग्रहालयात लिसिट्स्की यांच्या कृतींचे महत्त्वाचे संग्रह आहेत.

संपुटाच्या दृष्टीने मोठा धोका चोरी किंवा आग एवढाच नसून विभागणी हाही आहे. सुटी चित्रपत्रे वेगवेगळ्या ग्राहकांना विकता येतात. विशेषतः 'नवा' या पत्राला स्वतंत्र मागणी असते, त्यामुळे संच फोडण्याचा मोह होतो. एकदा संच फुटला की निवेदनाचे पत्र मागे पडते, क्रम मोडतो आणि रंग हे द्रव्याचे निर्देश आहेत ही सूचना पाहणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. चौकटीत लावलेले एकटे पत्र नेत्रसुखद असते. पण ते यंत्राचा भाग आहे याची खूण त्यात उरत नाही. म्हणून शीर्षकपत्र व निवेदन यांसह अखंड असलेल्या संचाला अभ्यासाच्या दृष्टीने वेगळे मोल आहे.

लिसिट्स्की यांच्या निधनाला सत्तर वर्षे पूर्ण झाल्यामुळे, ज्या देशांत स्वामित्वहक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे टिकतो तेथे त्यांच्या कृती १ जानेवारी २०१२पासून मुक्त झाल्या आहेत. परिणामी त्यांची असंख्य पुनर्मुद्रणे बाजारात आहेत. शाईफवारा यंत्रावर चांगल्या कागदावर काढलेली अशी पुनर्मुद्रणे 'कलामुद्रणे' या नावाने विकली जातात, परंतु ती १९२३च्या शिळाछापांपैकी नव्हेत. भिंगातून पाहिल्यास ऑफसेट छपाईत रंगांच्या ठिपक्यांची नियमित जाळी दिसते व शाईफवारा यंत्राच्या छपाईत बारीक तुषार दिसतात. शिळाछापातील सपाट रंग सलग असतो. कागदाचा आकार, जुनेपणा आणि कृतीचा मालकीइतिहास यांचीही तपासणी करावी लागते. रशियन अवाँ-गार्दच्या नावाने बनावट कृती मोठ्या प्रमाणावर फिरत असल्याने मालकीइतिहासाला येथे विशेष महत्त्व आहे.

मूल्यमापन

'सूर्यावर विजय' या संपुटाकडे दोन प्रकारे पाहिले जाते. काही अभ्यासक त्याला अमूर्त मुद्राचित्रांचा स्वयंपूर्ण संच मानतात. रंगभूमी हे त्यांच्या मते केवळ निमित्त होय. दुसऱ्या दृष्टीने ही चित्रे अपूर्ण आहेत व अपूर्ण असणे हेच त्यांचे प्रयोजन आहे, कारण त्यांच्या कर्त्यानेच त्यांची पूर्तता इतरांवर सोपवली. आकृत्या स्वतंत्र चित्रे म्हणून टिकाव धरतात, हे पहिल्या मताच्या बाजूचे आहे. निवेदन, क्रम आणि द्रव्याच्या सूचना दुसऱ्या मताला बळ देतात.

एकाच सूत्रधाराच्या हाती सर्व गती, ध्वनी व प्रकाश देणाऱ्या या योजनेत आजच्या संगणकनियंत्रित रंगमंचाची चाहूल लागते. त्याच वेळी, सर्व पात्रांच्या वतीने एकच माणूस बोलतो आणि बाकीचे देह केवळ आज्ञा पाळतात, ही कल्पना पुढील काळातील हुकूमशाही सत्तांचा इतिहास माहीत असलेल्या वाचकाला अस्वस्थ करणारीही आहे. नव्या माणसाविषयीचा १९२०च्या दशकातील उत्साह आणि त्यात दडलेला धोका हे दोन्ही या दहा पत्रांत एकत्र पाहता येतात.